मूर्तीची साक्ष
(वरंध, ता. महाड येथे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मंदिरातून चोरलेली मूर्ती परदेशी संग्रहालयात पोहोचेपर्यंत कागदोपत्री निर्दोष झालेली असते. वाटेत तिला जुना मालक मिळतो, विक्रीची पावती मिळते. या कागदांचा पाडाव कसा होतो, हे आज सांगायचे आहे.

तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदन हे खेडे आहे. तेथील शिवमंदिरात चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती होती. पूजाअर्चा थांबली, मंदिराला कुलूप लागले आणि २००६च्या सुमारास चोरांनी मूर्ती पळवल्या. शासनाला त्याचा पत्ता लागला २००८ मध्ये. त्याच वर्षी कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने हा नटराज न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतला!

कागद काय सांगत होते? एका सुदानी मुत्सद्द्याने ही मूर्ती १९७० मध्ये दिल्लीत विकत घेतली व पुढे देशाबाहेर नेली. हे साल सहज निवडलेले नव्हते. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा आणि आपला पुरावस्तू कायदा १९७२चा. त्याआधीची खरेदी दाखवली, की ग्राहकाच्या शंका मिटतात.

हा बनाव उघडा पाडला एका जुन्या छायाचित्राने. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये श्रीपुरंदनच्या मूर्तींची छायाचित्रे घेऊन ठेवली होती. चोळ शिल्पी मेणाच्या प्रतिकृतीभोवती मातीचा साचा करतात आणि धातू ओतल्यावर तो फोडतात. त्यामुळे हुबेहूब तशी दुसरी मूर्ती निघत नाही. छायाचित्रातला आणि कॅनबऱ्यातला नटराज एकच ठरला. जी मूर्ती १९९४ मध्ये गावात होती, ती १९७० मध्ये दिल्लीत विकली कशी जाईल?

कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली. त्याच्या दुकानाच्या व्यवस्थापकाने २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नटराज दिल्लीत भारताच्या स्वाधीन केला. २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दुसऱ्या एका मंदिराच्या मूर्तिचोरीत कपूरला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

आपल्या रायगड जिल्ह्याचे दुःख वेगळे आहे. दिवेआगरला १९९७ मध्ये सापडलेला सुवर्णगणेशाचा मुखवटा २०१२ मध्ये दरोडेखोरांनी नेला. दोन रखवालदारांचे प्राण गेले आणि मुखवटा वितळवला गेला. २०२१ मध्ये नवा मुखवटा स्थापन झाला, पण मूळ रूप गेले ते गेलेच. दगडाची वा कांस्याची प्राचीन मूर्ती मात्र चोर सहसा मोडत नाही, कारण तिचे मोल तिच्या रूपात असते. म्हणूनच ती परत मिळू शकते. मात्र ती आपली आहे, हे सिद्ध करता आले पाहिजे.

ग्रामदैवताच्या राउळात, पाराखाली, शेताच्या बांधावर जुनी शिल्पे आणि वीरगळ दिसतात. त्यांची नोंद कोणाकडे आहे? चारही बाजूंनी छायाचित्र घ्या. उंची-रुंदी मोजा. कुठे टवका उडाला आहे, कुठे झीज झाली आहे, ते लिहा. तारीख घाला आणि एक प्रत गावाबाहेर ठेवा. चोरी झालीच, तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्या, कारण फिर्याद नसेल तर व्यापाऱ्याची पावतीच खरी ठरते.

हे काम एका सुट्टीच्या दिवसाचे आहे. श्रीपुरंदनचे छायाचित्र परक्या देशाच्या संस्थेने काढून ठेवले होते. आपल्या गावाचे आपणच काढू या.