वाडी आणि वडीलधारी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी विद्वान नव्हे. १९७५ साली जुनी अकरावी, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत मॅट्रिक, उत्तीर्ण झालो, शिक्षकी पेशा पत्करला आणि २०१६ साली निवृत्त झालो. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर राजोडीची आमची लहानशी वाडी, हेच माझे विश्व. तेव्हा पुस्तकातले सांगण्यापेक्षा वाडीत आणि घरात जे भोगले, तेच आपणापुढे ठेवतो. त्यात माझी एक चूक आहे, तीही लपवीत नाही.

आपली ज्ञाती वाडीवर वाढलेली. वाडीचे उत्पन्न थोडे आणि काम बारमाही. कोकणातला भात वर्षातून एकदा माणसाला राबवतो. वाडी रोज राबवते. पहाटे फुले खुडावी, त्यांची पाटी विरारहून गाडीने दादरच्या बाजारी धाडावी, मग शिंपणे, भाजी काढणे, केळीला माती लावणे. वीज असेल तेव्हा पंप लावायचा, मग रात्रीचा प्रहर कोणता हे पाहायचे नाही. याच घरात दोन म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली, म्हणजे कर्त्या माणसाने धावावे तरी कोणीकडे, हा आज आपल्या घराघरातला प्रश्न झाला आहे.

तो पूर्वी इतका तीव्र नव्हता, याचे कारण आपले पूर्वज अधिक मातृपितृभक्त होते असे नव्हे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. आयुष्य वाढले ही ईश्वराची कृपाच. परंतु त्याच काळात घरे लहान झाली, मुले नोकरीसाठी मुंबईकडे गेली. म्हातारपण लांबले आणि हात कमी झाले, अशी ही दुहेरी अडचण आहे.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. आमच्या वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. पानवेल आणि मोगरा हा त्यांचा अभिमान. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना विसर पडू लागला. पहिल्याने आम्ही ते हसण्यावारी नेले. वाढत्या वयाचा हा धर्मच, असे म्हणून कोणी डॉक्टरांकडे नेले नाही. स्मृतिभ्रंश हा आजार आहे, आणि रक्तातल्या काही द्रव्यांच्या कमतरतेने किंवा कंठग्रंथीच्या विकाराने येणारा विसर उपचाराने कमीही होऊ शकतो, हे मला पुढे फार उशिरा कळले. आपण तो उशीर करू नये.

२०११ सालच्या चैत्रातील ती पहाट. मोगऱ्याचा बहर ऐन भरात होता. मी आणि माझी पत्नी चार वाजता विजेरी घेऊन खुडणीला गेलो. इकडे तात्या उठले आणि रहाट जुंपायला म्हणून विहिरीकडे निघाले. तो रहाट मोडून तेव्हा तीस वर्षे झाली होती! वाटेत पाटाच्या कडेवर त्यांचा पाय घसरला. आमच्यापासून ते तीस पावलांवर पडले होते. त्यांनी हाक मारली असेल. शेजारच्या वाडीतल्या पंपाच्या आवाजात ती आम्हाला ऐकू आली नाही. फुले बांधली, पाटी गाडीवर चढवून मी परत आलो, तेव्हा उजाडले होते आणि तात्या ओल्या पाटात निजून होते. खुब्याचे हाड मोडले होते. त्या दिवशीचा मोगरा मात्र वेळेवर दादरला पोहोचला.

बंधुभगिनींनो, हे वाक्य मी इतकी वर्षे मनाशी उच्चारीत आलो आहे. आज प्रथमच चारचौघांत उच्चारले.

पुढे आम्ही भावांनी सर्वत्र करतात तेच केले, म्हणजे पाळी लावली. एक महिना माझ्याकडे, एक महिना धाकट्या भावाकडे विरारला तिसऱ्या मजल्यावर. भावाने आणि भावजयीने सेवेत काही कमी केले नाही, हे मी येथे मुद्दाम सांगतो. पण तात्यांना तेथे दिवस कळेना, रात्र कळेना, "पाण्याची पाळी कोणाची?" एवढेच ते विचारीत. जुने झाड उपटून दर महिन्याला नव्या जागी लावले तर ते जगेल काय? एकाच पाळीनंतर आम्ही त्यांना वाडीवर परत आणले. म्हातारे माणूस एका जागी राहावे आणि पाळी सेवा करणाऱ्यांनी घ्यावी, हा धडा आम्ही तेव्हा शिकलो.

तथापि परत आणले म्हणून प्रश्न सुटला नाही. मला शाळा होती, वाडी होती, आणि तोपर्यंत आईचेही गुडघे गेले होते. सारा भार माझ्या पत्नीवर पडला. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवताना त्याला उठवून बसवावे लागते, नाहीतर ठसका लागतो. मोगऱ्याला हे कोण समजावून सांगणार? तो पहाटे खुडला नाही तर उमलून वाया जातो. पानवेलीचेही तेच, तिला पाणी चुकलेले चालत नाही.

तेव्हा एके दिवशी माझी धाकटी बहीण आली. तिच्याकडून आम्ही भावांनी पूर्वीच रीतीप्रमाणे हक्कसोडपत्र लिहून घेतले होते. तरी ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन दोघांना न्हाऊ घाली. मी ओशाळून म्हणालो, "तू का एवढा त्रास घेतेस?" ती म्हणाली, "दादा, मी सही केली ती जमिनीवर, आईतात्यांवर नव्हे." आणि पुढे म्हणाली, "शिंपण्याच्या गड्याला तू रोजचा रोज देतोस. वहिनी रात्रंदिवस जागते, तिच्या नावाने तुझ्या वहीत एक ओळ तरी आहे काय?"

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. शाळेत मुलांना हिशेब शिकवणाऱ्या मास्तराने आपल्याच घरचा हिशेब प्रथमच मांडला. तेव्हा ध्यानात आले, की पिके दोन प्रकारची असतात: थांबणारी आणि न थांबणारी. नारळ चार दिवस थांबतो. सुरण जमिनीत महिनाभर थांबतो. केळीचा घडही दोन दिवस मागेपुढे उतरवता येतो. मोगरा, पानवेल, भेंडी, ही थांबत नाहीत. आणि म्हातारे आईबाप तर मुळीच थांबत नाहीत. न थांबणारी दोन कामे एका माणसाच्या हाती दिली, तर एक चुकणारच, आणि माझ्या हातून कोणते चुकले ते मी आताच सांगितले.

आम्ही मोगरा आणि पानवेल काढली. नारळ, केळी, अळू आणि सुरण एवढेच ठेवले. उत्पन्न निम्म्याच्याही खाली आले. परंतु भावाने दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले. ती उपकार म्हणून नव्हे, तर सेवेत त्याचा वाटा म्हणून वहीत जमा होई. पत्नीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा दिला. त्या दिवशी भावजय किंवा बहीण येई. विहिरीला कठडा बांधला, ओटीवर रात्रभर दिवा ठेवला. तात्या २०१४ साली गेले, आई २०१८ साली गेली. दोघेही आपल्या ओटीवर, झावळ्यांचा आवाज ऐकत गेली.

आता थोडे कायद्याविषयी, कारण येथे पुष्कळ वृद्ध मंडळी बसलेली आहेत आणि आपल्याकडे जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली केंद्र सरकारने अधिनियम केला. त्याअन्वये मुलगा आणि मुलगी या दोघांवरही जबाबदारी आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. बक्षीसपत्र करताना "माझा सांभाळ करावा" ही अट त्यात स्पष्ट लिहावी. ती पाळली नाही तर कलम २३ प्रमाणे ते पत्र रद्द करून मागता येते. तसेच २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. जिला आपण सेवेला हाक मारतो, तिच्याकडून हक्कसोडपत्र मागताना आपला हात थोडा थांबावा, एवढीच माझी नम्र विनंती. मी स्वतः ही चूक केली. आईच्या पश्चात आम्ही भावांनी बहिणीच्या नावे वाडीचा एक तुकडा करून दिला, तेव्हा कोठे मन हलके झाले.

भक्त पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आईबापांची सेवा चालली असता त्याने प्रत्यक्ष परमेश्वराला विटेवर थांबायला सांगितले, आणि देव थांबला. तो अद्याप उभा आहे. मला त्या कथेचा अर्थ मोगरा काढल्यावर समजला. देव थांबतो, मग वाडी का थांबणार नाही? फक्त तिला थांबायला सांगण्याचे धैर्य हवे. त्याच वेळी अंथरुणाशी जागणाऱ्या सुनेचे आणि लेकीचे नाव घराच्या वहीत लिहिण्याची सद्बुद्धी हवी.

तरुण बंधूंना माझे सांगणे एवढेच: वडील थकू लागले की पिकांची यादी आधी करा, भावंडांना आधी एकत्र बसवा. माणूस पडल्यावर केलेला हिशेब नेहमीच एक दिवस उशिरा होतो.