वेळापत्रकाचा न्याय



अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा आजचा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसण्याचा तो खेळ आहे. पण आम्ही बोलणार आहोत ते खेळापेक्षा न्यायाविषयी.

तेथे वरच्या श्रेणीत १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत, आणि एकेकाच्या वाट्याला हंगामात साधारणपणे १२ सामने येतात. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्यच. म्हणून विद्यापीठांनी आपापले गट बांधले. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. विजेतेपदासाठी जी प्लेऑफ स्पर्धा होते, तिचे संघ १३ जणांची समिती निवडते. २०१४ पासून ती ४ संघ निवडीत असे. २०२४ पासून १२ निवडते. त्यांत ५ जागा गटविजेत्यांच्या. उरलेल्या ७ समितीच्या क्रमवारीप्रमाणे.

आता मौज पाहा. २०२४ साली 'बिग टेन' या गटात दहा नव्हे, १८ संघ होते. प्रत्येकाने गटात ९ सामने खेळायचे. म्हणजे १७ प्रतिस्पर्ध्यांपैकी ८ जणांशी गाठच नाही! गटातली गाठ कोणाशी पडावी, हे गटाचे वेळापत्रक आधीच ठरवून ठेवते.

त्या वर्षी इंडियानाने १२ पैकी ११ सामने जिंकले. पण ओरेगॉन आणि पेन स्टेट हे बलाढ्य संघ त्यांच्या वाटेत आलेच नाहीत. ओहायो स्टेट आले, तेथे ३८-१५ अशी हार झाली. 'एसईसी' गटातील अलाबामाने ९ जिंकले, ३ गमावले. मात्र त्यांच्यासमोर जॉर्जिया, टेनेसी असे मातब्बर होते. समितीने इंडियानाला घेतले, अलाबामाला वगळले. "आमची प्रश्नपत्रिका कठीण होती," ही अलाबामाच्या बाजूची तक्रार. ती अगदीच पोकळ नव्हे. परंतु व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमा हे निम्मेच सामने जिंकणारे संघ. त्यांच्याकडूनही अलाबामा हरले होते, हे कसे विसरावे?

याच्या उलट २०२३ चे उदाहरण घ्या. फ्लोरिडा स्टेटने आपले १३ च्या १३ सामने जिंकून गटविजेतेपद मिळविले. तरी ४ जागांत त्यांना स्थान नाही. एक सामना हरलेल्या अलाबामाला मिळाले! फ्लोरिडा स्टेटचा प्रमुख खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असे समितीचे म्हणणे. म्हणजे झालेल्या सामन्यांपेक्षा न झालेल्या सामन्यांचा अंदाज वजनदार ठरला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एसईसीने २०२६ पासून गटातील सामने ८ चे ९ करण्याचे ठरविले, आणि बळकट प्रतिस्पर्ध्यांशी खेळणाऱ्यांस अधिक श्रेय देण्याची मापे समितीपुढे आली. हे ठीकच झाले. कारण बलवानाकडून झालेला पराभव फार महाग पडू लागला, तर कारभारी सोपेच सामने शोधतील, आणि चांगल्या खेळाला प्रेक्षकच मुकेल.

आमचे मत एवढेच : कठीण वाटेचे मोल अवश्य करावे, पण ते हंगामापूर्वी सांगितलेल्या मापाने. प्रश्नपत्रिका खेळाडूंनी काढलेली नसते. निदान गुण कसे देणार, हे त्यांना आधी कळले पाहिजे.