कमावत्या पोराचे पोट

आज आपण एका साध्या गोष्टीवर बोलणार आहोत. आपली मुले दिवसभर बाहेर काय खातात, ही ती गोष्ट. विषय साधा आहे खरा, पण त्यात घरोघरच्या आईबापांचा जीव अडकलेला आहे.

पूर्वी पोराचे जेवण आईच्या नजरेखाली होई. शेतावर गेला तरी भाकरी घरचीच असे. आता पोरे सकाळच्या एस. टी. ने तालुक्याला जातात. कोणी कापडाच्या दुकानात, कोणी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, कोणी किराणा मालाच्या वखारीत. वय सोळा-सतरा. मिसरूड फुटते न फुटते तोच हातात पैसा येतो. मग पोर काय खाते, कुठे खाते, हे आईला कसे कळावे?

आमच्या वस्तीवर एक माउली आहे. गेल्या वर्षी साक्षरता वर्गात ती लिहावाचायला शिकली. ती एक दिवस आमच्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरगं घरचं काईबी खाईना. सतरा वर्साचं हाय. कामाला जातंय, पैसं आणतंय, पण अंगाला काई लागंना. जिना चढला तरी दम लागतोय. रागवावं तर म्हणतंय, आई, माझ्या पैशानं खातोय. आता मी कोणत्या तोंडानं बोलू?"

आम्ही तिला विचारले, "मावशी, तो दिवसभर काय खातो ते तुम्हांला ठाऊक आहे का?"

ती म्हणाली, "थोडं ठावं हाय, थोडं न्हाई."

आम्ही म्हटले, "तुम्ही आता लिहायला शिकलात. एक वही करा. सात दिवस तो काय काय खातो ते त्याला प्रेमाने विचारा आणि लिहा. रागावू मात्र नका."

तिने तसे केले. सात दिवसांनी वही आली. अक्षर वेडेवाकडे होते, पण हिशेब चोख होता. सकाळी चहा आणि खारी. दुपारी दोन वडापाव, दुकानाच्या फळीमागे उभ्याने खाल्लेले. चार वाजता लाल रंगाच्या 'ताकदीच्या' पेयाची बाटली. संध्याकाळी गाड्यावरचे चायनीज. रात्री नऊला घरी. घरी आले की, "भूक नाही." सातही दिवस असेच. भाजी, डाळ, अंडे, फळ यांतले वहीत एकही नाव नव्हते.

आता मंडळी, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आम्ही वडापावाला नावे ठेवायला उभे राहिलेलो नाही. वडापाव हे कष्टकऱ्याचे खाणे आहे. १९६६ च्या सुमारास मुंबईत दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असे सांगतात. गिरणीत जाणाऱ्या कामगाराला बसून जेवायला वेळ नसे. गरम, स्वस्त आणि हातात धरून खाता येईल असे काही हवे होते. म्हणून तो सगळीकडे पसरला. तेव्हा वडापाव हा शत्रू नव्हे. कधीमधी खाल्ला तर काही बिघडत नाही.

मग बिघडते कुठे? तो रोजचा झाला आणि जेवणाच्या जागी बसला, की बिघडते. अति तेथे माती, ही म्हण आपण उगीच का म्हणतो?

वडापावात काय असते ते पाहू. बटाटा, थोडे बेसन, मैद्याचा पाव आणि तेल. याने पोट भरते. पण पोट भरणे वेगळे आणि अंग भरणे वेगळे. सतरा वर्षांचे पोर अजून वाढत असते. हाडे वाढतात, रक्त वाढते. त्याला तीन गोष्टी भरपूर लागतात. प्रथिने म्हणजे अंग बांधणारे अन्न. लोह म्हणजे रक्ताला लागणारे द्रव्य. आणि हाडांसाठी चुना, म्हणजे कॅल्शियम. वडापाव आणि चायनीजमध्ये या तिन्ही गोष्टी फार थोड्या मिळतात. मीठ, तेल आणि मैदा मात्र भरपूर.

रक्त कमी असणे ही काही थोड्या घरांची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघरी जाऊन पाहणी केली. त्या पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. याच वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ३१ जणांचे तसेच होते. रक्त कमी असले की दम लागतो, चक्कर येते, कामात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, "पोरगं आळशी झालं." ते आळशी नसते, बिचारे थकलेले असते.

आता त्या बाटलीकडे येऊ. गोड थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, अशी वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आसपास किंवा कमी राहिली तर चांगले. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा वाटा संपून वर उरला. चहातली साखर वेगळीच.

'ताकदीच्या' पेयात साखरेखेरीज कॅफिन नावाचे द्रव्यही असते. चहा-कॉफीतही ते असते. त्याने तरतरी वाटते, पण ताकद येत नाही. थकलेल्या बैलाला चाबूक मारला तर तो चार पावले पळेल. त्याने वैरण खाल्ली असे होते का? शिवाय रात्रीची झोप उडते ती वेगळीच. अशा बाटलीवर बारीक अक्षरांत सूचना छापलेली असते की, हे पेय मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी नाही. सूचना बहुधा इंग्रजीत असते. तुम्हांला इंग्रजी येत नसेल, तर पोराकडूनच ती मोठ्याने वाचून घ्या. आपल्या तोंडाने वाचलेले आपल्याला अधिक पटते.

गाड्यावर खायचेच झाले तर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कढईतले तेल. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. तळणीचे तेल किती खराब झाले की फेकून द्यायचे, याचा सरकारी नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपल्याजवळ यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळे झाले असेल, फेस येत असेल, उग्र वास मारत असेल, तर त्या गाड्यापुढून सरळ निघावे. दुसरी गोष्ट, कागद. छापील कागदाची शाई गरम वड्याला लागते आणि पोटात जाते. वर्तमानपत्र वाचायला असते, वडा गुंडाळायला नव्हे. आपण शिकलेली माणसे. एवढे तर आपण गाडीवाल्याला सांगू शकतो.

आता मुख्य गोष्ट. त्या पोराला आम्ही विचारले, "बाळा, डबा का नेत नाहीस?"

तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, डबा खायला सुट्टीच नसते. गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं. वडापाव उभ्यानं खाता येतो. अन् भाकरी दुपारपर्यंत वाळून जाते."

पाहा मंडळी! आई म्हणते पोर हट्टी आहे. पोराला मात्र बसायला वेळच नाही. खाण्याचे कारण जिभेत नव्हते, ते कामाच्या वेळेत होते.

यासाठी कायदा आहे. तो १९८६ साली झाला आणि २०१६ साली सुधारला. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला नोकरीवर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. दुसऱ्या कामावर ठेवले, तरी सलग तीन तासांहून अधिक राबवता येत नाही. तीन तास झाले की निदान एक तास विसावा दिलाच पाहिजे. तो विसावा धरून दिवसाचे सहा तासच काम. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. हे मालकाचे उपकार नव्हेत, हा कायदा आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मालकाला असं बोललं तर तो म्हणंल, उद्यापासून येऊ नको. मग घर कसं चालायचं?" भीती खरी आहे. म्हणून एकट्याने जाऊ नये. ज्यांची पोरे त्या बाजारात कामाला आहेत, असे चार पालक मिळून जावे. भांडायला नव्हे, बोलायला जावे. त्या माउलीने तसेच केले. पोराचा बाप आणि शेजारचे दोघे बरोबर गेले. मालकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग दुपारी एक तास द्यायला आणि संध्याकाळी वेळेवर सोडायला कबूल झाला. पगारात मात्र थोडी काट बसली. घराला ती जाणवते, हे आम्ही लपवीत नाही. पण वहीतला हिशेब पाहा. दोन वडापाव ३० रुपये, बाटली २० रुपये, चायनीज ५० रुपये. दिवसाचे १०० झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,६०० रुपये. काटीपेक्षा हा आकडा मोठा होता. हा गुणाकार पोराने स्वतः केला आणि डोके खाजवू लागला.

समजा मालक ऐकतच नाही, पोराला राबवतो, मारतो, तर १०९८ हा फोन क्रमांक लक्षात ठेवा. अठरा वर्षांच्या आतील मुलांच्या मदतीसाठी तो आहे.

आता डब्यात काय द्यावे? भाकरी वाळते, मग ज्वारी-बाजरीची भाकरी रात्री घरी खावी. डब्यात चपाती द्यावी. चपातीत मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ घालून गुंडाळी करावी, म्हणजे तीही हातात धरून खाता येते. कधी अंड्याची पोळी घालावी. उकडलेल्या एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. अंडे चालत नसेल तर शेंगदाणे आहेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर शेंगदाणे-फुटाणे खिशात टाकले तर चार वाजताची भूक भागते आणि बाटली आठवत नाही. हाडांसाठी नाचणी, दूध, ताक. रक्तासाठी मेथी, तांदुळजा, बाजरी, आळीव. भाजीवर लिंबू पिळावे, नाहीतर सोबत पेरू किंवा आवळा खावा. त्याने अन्नातले लोह अंगाला चांगले लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, चहाने लोह वाया जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असू द्यावे.

पोराला दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर नुसते अंगारे-धुपारे करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. या वयाच्या मुलाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि मुलीचे १२ च्या खाली असले तर रक्त कमी समजतात. जंतांमुळेही रक्त कमी होते. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून. आम्ही शाळामास्तर. आमचे काम तुम्हांला दवाखान्याच्या दारापर्यंत नेण्याचे, औषध सांगण्याचे नव्हे.

शेवटी बोलण्याविषयी चार शब्द. कमावत्या पोराला लहान बाळासारखे रागवू नये. त्याचा पैसा घरात येतो, त्याचा मान ठेवावा. "हे खाऊ नको, ते खाऊ नको" असे सारखे म्हटले तर ते चोरून खाईल. "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी" असा हेकाही धरू नये. आठवड्यातले पाच दिवस डबा आणि एक दिवस मित्रांबरोबर गाडा, असा करार करावा. आणि आधी आपल्या घरात पाहावे. धाकट्या पोराला रडू नये म्हणून पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट कोण देतो? पाहुणा आला की रंगीत बाटली कोण आणतो? घरात जे दिसते तेच पोर बाहेर करते.

त्या पोराने सगळे सोडले असे नाही. शनिवारचे चायनीज अजून चालू आहे. पण बाटली सुटली. डबा जातो आणि रिकामा परत येतो. रक्ताची तपासणी पुन्हा व्हायची आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, तुम्हांला घरचा अभ्यास देतो. आज रात्री एक वही घ्या. आपल्या मुलामुलींपैकी जे कामाला जातात त्यांचे नाव वर लिहा. सात दिवसांचे सात रकाने पाडा. कोणी काय खाल्ले, कोठे खाल्ले, बसून की उभ्याने, आणि किती पैसे गेले, ते लिहा. आठव्या दिवशी सगळ्यांनी मिळून ती वही वाचा. कोणाची चूक, हे आधी शोधू नका. पोराला जेवायला वेळ मिळतो का, हे आधी विचारा. मग पुढचा रस्ता तुमचा तुम्हांलाच दिसेल.