गादीवरचा नवखा

श्रोतेहो, सातारा-सांगलीकडे तालमींना तोटा नाही. पण तांबड्या मातीत वाढलेला गडी पहिल्यांदा गादीवर उतरला, की नवखाच ठरतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचेच पाहा ना. वडील दादासाहेब पैलवान, कुस्ती घरातलीच. तरी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात क्रीडाशिक्षकांनी किरकोळ अंगकाठी पाहून त्यांना स्पर्धेत घेतले नाही. (गुरुजी, ही चूक आपल्याही हातून होते बरं का!) खाशाबा तडक प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून धिप्पाड गड्यांना त्यांनी लोळवले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तो पुन्हा नवखेपण. पायांखाली माती नाही, गादी; नियमही परके. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती झाली. तिथे पाठ न लागताही पंच निकाल देत. तशातही सहावे आले. मला तो सहावा क्रमांक फार मोलाचा वाटतो.

१९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांना कराड स्टेशनावरून गावी न्यायला शंभराहून जास्त बैलगाड्या जुंपल्या होत्या.