घरचा जागल्या

पूर्वीच्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक सेवक असे. रात्री गावात फेरी घालावी, हाळी देऊन लोकांना सावध करावे आणि परका माणूस दिसला की पाटलाला वर्दी द्यावी, हे त्याचे काम. शासन करणे हे त्याचे काम नव्हे. श्रोतेहो, घराच्या राखणीसाठी कुत्रा निवडताना मला या जागल्याची आठवण वेळीच झाली असती, तर एका निरपराध मुलाच्या वेदना टळल्या असत्या.

काही वर्षांपूर्वी माझी बदली मध्य प्रदेशातील एका लहान गावी झाली. सरकारी बंगला वस्तीपासून दूर. महिन्यातले दहा-बारा दिवस मी फिरतीवर; घरी पत्नी, वृद्ध आई आणि पाच वर्षांची मुलगी. कुत्रा हवा, यावर सर्वांचे एकमत झाले. पण राखण म्हणजे नेमके काय, याचा विचार कोणी केला नाही. जितका उग्र तितका उत्तम, अशी माझी समजूत. म्हणून दोन वर्षांचा एक दांडगा अल्सेशियन मी विकत आणला, तो दिवसभर फाटकाशी साखळीने बांधला आणि ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावून निश्चिंत झालो. चौथ्याच महिन्यात साखळी तुटली आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला त्याने कडकडून चावा घेतला. त्या मुलाला लस देण्यासाठी रुग्णालयात नेताना उमगले, की पाटीवरची सूचना मीच आधी वाचायला हवी होती.

दोष त्या जातीचा नव्हता. भ्यालेल्या प्राण्यापुढे दोन मार्ग असतात: पळणे किंवा चावणे. साखळीने आपण त्याचा पहिला मार्ग बंद करतो आणि दुसऱ्याला शौर्य हे नाव देतो. पुढे एका जाणत्या गृहस्थांनी त्याला आपल्याकडे नेले, माणसांत वावरू दिले आणि तो पुष्कळ निवळला.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ साली कुत्र्यांच्या वर्तनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यातील तिसरा ते बारावा आठवडा हा त्याच्या मनाच्या घडणीचा काळ, असे त्यांना आढळले. या काळात ज्याला मुले, म्हातारी माणसे, पाहुणे आणि भांड्यांचे आवाज परिचयाचे झाले, तो पुढे उगाच बिथरत नाही. आणि जो बिथरत नाही, त्यालाच खरा परका ओळखता येतो. राखणीची वृत्ती कुत्र्यात बहुधा उपजत असते. ती चिथवावी लागत नाही, तिला आपले कोण ते कळावे लागते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी पिल्लू पाहिले नाही, त्याची आई पाहिली. शेजारच्या खेड्यातील एका शेतकऱ्याची ती गावठी कुत्री अनोळखी माणसाला पाहून भुंकली, मालकाने शब्द टाकताच थांबली आणि मग मला हुंगून शेपटी हलवू लागली. तिच्या पिल्लांपैकी सर्वांत दांडगट किंवा कोपऱ्यात दडणारे न घेता, टाळी ऐकून दचकलेले पण लगेच पुढे येणारे पिल्लू आम्ही निवडले. भावंडांशी खेळताना चाव्याला आवर घालणे पिल्लू शिकते, म्हणून दोन महिने ते आईजवळच ठेवले. योग्य वेळी रेबीजची लस दिली. हा रोग एकदा उमटला की बहुधा मृत्यूच, तेव्हा येथे आळस क्षम्य नाही. मुलीने त्याचे नाव ठेवले मोती.

मुधोळ, राजपालयम या आपल्या नामांकित जातींची चित्रे २००५ साली टपाल तिकिटांवर झळकली. त्यांचे कौतुक अवश्य व्हावे. पण ती मूळची शिकारी जनावरे, त्यांना धावायला रान हवे. सामान्य कुटुंबाला आपल्या हवेत मुरलेला, काटक गावठी कुत्रा पुष्कळदा अधिक मानवतो.

तीन वर्षांनी, थंडीतल्या एका रात्री दोनच्या सुमारास मोती मागच्या अंगणात भुंकू लागला. मी फिरतीवर होतो. पत्नीने दिवा लावून पाहिले, तर शेजारच्या बंगल्यातील वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांची स्मृती हल्ली दगा देत असे, अनवाणी उभे होते. मोती त्यांच्यात आणि दारात आडवा उभा राहून भुंकत होता. पण त्याने दात लावला नव्हता. पत्नीने “बस, मोती” म्हणताच तो बाजूला झाला. त्या जागी पहिला कुत्रा असता, तर? तो प्रश्न आमच्या घरात आजही कोणी मोठ्याने विचारत नाही.

जागल्याने जागे करावे. निर्णय घरधन्याने घ्यावा. ज्या कुत्र्याला एवढी मर्यादा कळते, त्याच्या भरवशावर घर सोडून जाता येते. मात्र ती त्याला कळावी, यासाठी आधी त्याला फाटकावरून सोडवून घरात घ्यावे लागते.