मात्रेचा विवेक

‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढण्यासाठी डॉक्टर पुष्कळदा ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, आणि तीही काही आठवडेच, घ्यावयास सांगतात. घरी मात्र कधी कधी ‘आठवड्याला एक’ याचे ‘दररोज एक’ होते आणि अनर्थ ओढवतो. निरोगी प्रौढास दिवसाला सुमारे ६०० एकके पुरतात. हे जीवनसत्त्व मेदात विरघळून शरीरात साठते. ते फाजील झाले म्हणजे रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा पोहोचते. ब्रिटनमध्ये १९५० नंतर दूध व शिशुआहारातून त्याचा अतिरेक झाल्याने काही अर्भके आजारी पडली आणि १९५७ मध्ये ते प्रमाण घटवावे लागले. म्हणून रोग्याचे वय, आहार व रक्ततपासणी पाहूनच मात्रा ठरावी, आणि ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द पुडीवर ठळक लिहून द्यावेत.