जिन्याखालचं फडताळ

बारामतीच्या आमच्या घरात जिन्याखाली एक अडनिडी जागा आहे. तीन फूट रुंद, सव्वा फूट खोल आणि वरून तिरपी उतरत आलेली. वीस वर्षं तिथं रद्दी, छत्र्या आणि एक बंद पडलेला स्टोव्ह सुखानं नांदले. सुतार म्हणाला, "तयार कपाट आणून ठेवा." पण तयार कपाटाच्या दोन्ही बाजूंना फट राहणार आणि तिथं उंदीर संसार मांडणार. मग ठरवलं, आपणच फळ्या बसवायच्या.

खरं कारण माळ्यावर होतं. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव. उजनी धरणाच्या पाण्यात ते गेलं. १९८० साली धरण पूर्ण झालं. अजूनही उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं; आमच्या घराचा मात्र पत्ता लागत नाही. गाव सोडताना वडिलांनी स्वयंपाकघरातल्या फडताळाची दोन सागवानी दारं काढून बैलगाडीत घातली. तेव्हापासून ती या माळ्यावरून त्या माळ्यावर. आई आता ब्याऐंशीची आहे. "ती दारं माझ्या डोळ्यांदेखत कुठंतरी लाव," एवढंच तिचं मागणं.

जुन्या घराच्या भिंती हातभर रुंद. भिंत चढवतानाच गवंडी फडताळाची जागा सोडायचा. चौकट आधी उभी राहायची आणि भिंत तिच्या मापानं वर यायची. आमच्या विटांच्या भिंतीत अशी सोय कुणी ठेवलेली नाही. तिथं लाकडालाच भिंतीचं ऐकावं लागतं. हे मला अर्धं प्लायवूड वाया घालवल्यावर समजलं. खालचं माप घेऊन मी चारही फळ्या एकदम कापल्या. पहिली बसली, दुसरी ठोकून बसवली, तिसरी शिरेचना. ओळंबा सोडला तेव्हा दिसलं, डावी भिंत वर जाता जाता पाऊण इंच आत झुकलेली. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचं घर थोडंफार हलणारच.

मग प्रत्येक फळीचं माप तिच्या तिच्या उंचीवर घेतलं. टेप कोपऱ्यात वाकतो आणि फसवतो. त्यापेक्षा दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर धरायच्या, टोकं दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत सरकवायच्या, रबरबँडनं बांधायच्या आणि तशाच फळीवर ठेवून खूण करायची. कोपऱ्याच्या तिरकेपणासाठी पुठ्ठ्याचा साचा. मागं दोन सूत फट ठेवली, म्हणजे ओल धरत नाही. फळ्यांना तीन बाजूंनी लाकडी पट्ट्यांचा आधार दिला. पट्ट्यांच्या स्क्रूसाठी भोक विटेत पाडायचं, दोन विटांमधल्या दरजेत नाही. पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी मारली, नाहीतर डब्यांच्या ओझ्यानं झोल पडतो. लोकांना वाटतं, दुप्पट लांब फळी म्हणजे दुप्पट झोल. तसं नाही. दर फुटावरचं ओझं तेवढंच ठेवलं, तरी दोन टोकांवर टेकलेली फळी दुप्पट लांब केली की झोल सोळापट होतो.

शेवटी दारांची पाळी आली. दारं सरळ, जागा तिरपी. उजव्या दाराचा वरचा कोपरा वीतभर कापला तरच ते बसणार होतं. नेमका त्याच कोपऱ्यात, आतल्या बाजूला, वडिलांनी पेन्सिलीनं लिहिलेला दुधाचा हिशेब. अजून वाचता येतो. दोन दिवस करवत बाजूला ठेवून मी दुसरीच कामं करत बसलो.

आईनंच विचारलं, "का थांबलास?" मी हिशेब दाखवला. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"काप की," ती म्हणाली. "त्या गवळ्याचे पैसे कधीच फिटलेत."

कापलेला तिकोनी तुकडा तिनं मागून घेतला. तो आता लोणच्याच्या बरणीखाली असतो. बिजागऱ्या नव्या आहेत, दार बोटानं उघडतं. आई मात्र उघडताना ते जरा वर उचलते. पळसदेवला ते खाली घासायचं.